बिनहुकाचे ब्लाउज

ज्योत्स्ना कुणाकडूनही मापाचा ब्लाउज घ्यायची नाही. बाकीचे टेलर बाईनं आणलेल्या जुन्या ब्लाउजवरून कापड बेततात आणि आठ दिवसांनी शिवून देतात. ज्योत्स्ना म्हणायची, "ब्लाउज जुना हाय, बाई जुनी न्हाई. पडद्याआड या." मग गळ्यातली टेप काढून ती पुन्हा पहिल्यापासून माप घ्यायची. एकाच बाईचं वर्षातून तीनदा घ्यावं लागलं तरी घ्यायची. तिनं शिवलेला ब्लाउज खांद्यावरून उतरत नाही, असं आजूबाजूच्या चार गावांत बोललं जायचं. टेंभुर्णीच्या बाजारात दोन टेलर असूनही तिकडच्या बाया हिच्याकडं यायच्या.

टेंभुर्णीपासून सात किलोमीटरवरचं हे गाव. नाव लिहीत नाही. मला अजून दर गुरुवारी तिथं तपासणीला बसावं लागतं.

मी ताहेरा. जालन्याची. घरी आम्ही उर्दू बोलतो, शाळा मराठी झाली. नर्सिंग झाल्यावर त्या गावच्या उपकेंद्रावर कंत्राटी आरोग्य अधिकारी म्हणून लागले. गावाला ते पद वगैरे माहीत नाही, गावासाठी मी सिस्टर. उपकेंद्राचं दार आणि ज्योत्स्नाची पत्र्याची खोली समोरासमोर, मध्ये डांबरी रस्ता. बौद्ध वस्ती तिथूनच सुरू होते, त्यामुळे वरच्या आळीतल्या बायांना वस्तीत न शिरता तिच्याकडं येता यायचं. त्या तिच्या पलंगावर बसायच्या, पडद्याआड तिच्यासमोर पदर काढायच्या, आणि तहान लागली की घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायच्या. ज्योत्स्नानं बाहेर तांब्या ठेवणं केव्हाच बंद केलं होतं.

ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. नवरा रामकिसन जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला, शनिवारी यायचा, सोमवारी जायचा.

माझ्या यादीत तीस वर्षांवरच्या दोनशे बारा बाया होत्या. प्रत्येकीची कॅन्सरची तपासणी करायची होती, तोंडाची, गर्भपिशवीच्या तोंडाची आणि छातीची. छातीची म्हणजे मी हातानं बघायचं. पाच मिनिटांचं काम, सुई नाही, रक्त नाही. पहिल्या शिबिराला मंडप टाकला, आशाताई घरोघर फिरली, भोंग्यावरून पुकारलं. आल्या तीन. त्यातली एक गुडघ्याचं मलम न्यायला आली होती.

दुखत नाही तर दाखवायचं कशाला, असं बाया म्हणायच्या. खरं कारण दुसरं होतं. उपकेंद्रात आत जाताना कुणी बघितलं तर नाव निघेल, ही भीती. तालुक्याच्या बैठकीत साहेब गावांची टक्केवारी मोठ्यानं वाचायचे आणि माझं गाव शेवटी यायचं. वाचून झालं की चष्मा काढून माझ्याकडं बघत राहायचे. माझं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं.

दिवाळीनंतर मी ॲप्रन शिवायला ज्योत्स्नाकडं गेले. पडद्याआड एक बाई दोन्ही हात वर करून उभी होती आणि सुनेच्या तक्रारी सांगत होती. हीच बाई आठ दिवसांपूर्वी माझ्यासमोर दार लावूनसुद्धा पदर सोडायला तयार नव्हती. ती गेल्यावर मी म्हणाले, "ज्योत्स्नाताई, एक काम कराल का?"

"शिवायचं असंल तर करीन."

मी समजावून सांगितलं. हात लावून काही शोधायचं नाही, ते माझं काम. तुम्ही फक्त बघायचं. एका बाजूचं माप अचानक बदललं, हात वर केल्यावर कातडीला खळगी पडली, बोंड आत ओढलं गेलं, ब्लाउजच्या अस्तराला डाग दिसला, की तिला माझ्याकडं पाठवायचं. आणि जिचं काहीच दिसत नाही तिलाही पाठवायचं, कारण तपासणी सगळ्यांचीच करायची आहे.

तिनं दातानं दोरा तोडला.

"माझी माय चांगुणाबाई," ती म्हणाली, "अंबडकडं कापूस वेचायला जायची. शेवटपर्यंत काई बोलली न्हाई. मेल्यावर आंघोळ घालताना कळलं. उजव्या अंगाला फडकं चिकटल्तं. हळद लावून बांधल्तं तिनं. पाणी टाकून टाकून सोडवलं, तर आत काईच राह्यलं नव्हतं. बरगडी दिसत व्हती." मग टेप गळ्यात अडकवून म्हणाली, "करीन मी."

युक्ती तिची. माझं डोकं पत्रकं वाटण्यापलीकडं गेलं नव्हतं. ती ब्लाउज पूर्ण शिवायची, इस्त्री करायची, आणि हुक लावायची नाही. बाई न्यायला आली की म्हणायची, "सिस्टरकडून चिठ्ठी आणा, मंग हुकं लावते. दहा मिन्टाचं काम हाय." बाया चिडायच्या, हसायच्या. एकदोघी तसाच घेऊन गेल्या, पण हुकाची पट्टी ज्योत्स्ना मुद्दाम अर्धी उसवून ठेवायची. घरी लावले की पुढचं सगळं वाकडं बसायचं. शिवाय आता कुणी बघितलं तरी सांगायला कारण होतं. हुकासाठी गेल्ते बाई, काय करता, त्या ज्योत्स्नाचं डोकं फिरलंय. लग्नसराई तोंडावर होती. गुरुवारी माझ्या बाकड्यावर जागा पुरेना. तीन महिन्यांत दोनशे बारापैकी एकशे अडुसष्ट जणी झाल्या.

तालुक्यात माझं गाव पहिलं आलं. मला प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाला. मी साहेबांना म्हणाले, यात एका टेलर बाईचं नाव घालायला पाहिजे. ते म्हणाले, "कोणत्या पदावर दाखवायचं तिला?" मीही पुन्हा विचारलं नाही. ज्योत्स्नाला प्रमाणपत्र दाखवलं तर तिनं हात पुसून ते धरलं, वाचलं आणि म्हणाली, "काच बसवून घ्या जल्दी, न्हाईतर पिवळं पडतं."

फेब्रुवारीत केशरबाई आली. चौकातल्या बी-बियाणाच्या दुकानवाल्या कारभारीची बायको, वय सेहेचाळीस. मुलगी पायल बी.एस्सी. झालेली, भोकरदनकडचा बँकेतला मुलगा ठरलेला, लग्न वैशाखात. केशरबाईला लग्नाच्या पैठणीवरचा ब्लाउज शिवायचा होता. माप घेताना तिनं हात वर केला आणि डाव्या बाजूला काखेजवळ खळगी पडली. ज्योत्स्नानं हात खाली करायला लावला, पुन्हा वर करायला लावला.

"वहिनी, आजच सिस्टरकडं जा."

"लग्न होऊ दे. वैशाखानंतर म्हणशीन तिकडं येते."

"आज जा."

"सगळ्यांनाच म्हणतीस तू. दे माझं कापड इकडं."

ज्योत्स्नानं कापड घडी करून स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि वर हात ठेवला. "मायला म्या विचारलं न्हाई वहिनी. तिच्या अंगावर काय हाय ते विचारायचं सुचलं न्हाई. तुम्हाला विचारून राह्यले. आज जा."

दोन तास शिव्या देऊन झाल्यावर केशरबाई रागानं रस्ता ओलांडून माझ्याकडं आली. गाठ हरभऱ्याएवढी होती, घट्ट, जागची हलत नव्हती. मी त्याच दिवशी कारभारीला बोलावून जालन्याला पाठवलं. तिथून पुढं औरंगाबाद. तुकडा काढून तपासला, नऊ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर होता, पण पहिल्याच पायरीवर. बाई वाचणार होती.

त्या संध्याकाळी मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मी तालुक्याच्या आरोग्य ग्रुपवर लिहिलं: 'आमच्या उपकेंद्राच्या नियमित तपासणीत स्तनाच्या कॅन्सरचा रुग्ण पहिल्याच टप्प्यात सापडला. वय ४६. मुलीचं लग्न तोंडावर असूनही त्या तपासणीला आल्या. इतर महिलांनी आदर्श घ्यावा.' नाव टाकलं नाही. तेवढी अक्कल होती मला. साहेबांनी स्वतः टाळ्यांचं चित्र टाकलं. मग एकामागून एक अंगठे येत राहिले आणि मी चहा पीत ते बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो निरोप कुणीकुणी पुढं पाठवत गावाच्या ग्रुपवर पोचला. वाटेत उपकेंद्राचं वाक्य गळालं होतं, आदर्श गळाला होता. उरलं ते एवढंच: 'आपल्या गावात कॅन्सरचा पेशंट सापडला. बाईचं वय ४६. मुलीचं लग्न तोंडावर आहे.' गावात त्या वयाची, मुलीचं लग्न ठरलेली बाई एकच होती.

तिसऱ्या दिवशी मुलाकडचे दोघं जण आले. चहा घेतला. "आईला निघाला म्हणल्यावर पोरीलाबी निघणार," असं म्हणाले, "आमच्या नातवंडांचा विचार आम्हाला करावा लागंल." साखरपुड्याची साडी परत मागितली. पायलनं ती स्वतः घडी करून आणून दिली, असं आशाताई सांगत होती.

त्याच दुपारी कारभारी ज्योत्स्नाच्या खोलीसमोर येऊन उभा राहिला. आत गेला नाही, रस्त्यावरूनच हाक मारली. मी उपकेंद्रात होते. सगळं ऐकू येत होतं.

"कोणाकोणाला सांगितलं गं?"

"कोणालाच न्हाई, भाऊ."

"मंग मोबाईलवर कसं आलं? घरच्यांशिवाय कोणाला म्हाईत व्हतं? तू आन् सिस्टर. सिस्टर सरकारी बाई हाय, तिला सांगायची बंदी हाय. राह्यलं कोण?"

"म्या न्हाई सांगितलं."

माणसं जमली. कारभारीचा आवाज चढला. "जिनं जन्मात लेकराला पाजलं न्हाई, तिला दुसऱ्या बायांच्या छातीत काय शोधायचं असतं? आँ? हुकं लावत न्हाई म्हणे! माझ्या पोरीचं वाटोळं केलं वांझोटीनं."

कुणीतरी हसलं. एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "अंगाला हात लावू दिला, तिथंच आपलं चुकलं." आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. हात कुणाचा आणि अंग कुणाचं, ते तिला फोडून सांगावं लागलं नाही.

ज्योत्स्ना दारात उभी होती. तिला रस्त्यापलीकडं बोट दाखवता आलं असतं. तिनं एकदाही माझ्या दाराकडं बघितलं नाही. मी मात्र उठून दार आतून लावून घेतलं.

सकाळी मी तिच्याकडं गेले. ती मशीनला तेल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या न्हाई सांगितलं. घरचे सांगणार न्हाईत. राह्यले तुम्ही."

"चूक झाली ज्योत्स्नाताई. नाव नव्हतं लिहिलं मी."

"मंग सांगा तसं. चौकात नका सांगू. निस्तं कारभारीभाऊच्या घरी जाऊन सांगा, की ज्योत्स्ना न्हाई, मी."

"सांगते."

सांगणारच होते. कारभारीच्या दारापर्यंत गेलेही. पडवीत चार माणसं बसलेली दिसली. मी बाहेरची, त्यात मुसलमान, त्यात कंत्राटी. माझ्यावर उलटलं तर उपकेंद्राला कुलूप लागेल आणि सगळ्या गावाचं नुकसान होईल, असं मी स्वतःला सांगितलं. गावाचं नाव पुढं करायला सोपं जातं. मी परत फिरले. मार्चमध्ये कंत्राट वाढून आलं. मग तर सांगायला काहीच अडचण नव्हती. तरी सांगितलं नाही.

आठवड्यात तिच्याकडची कापडं परत जायला लागली. कुणी न कापलेलं नेलं, कुणी कापलेले तुकडे पिशवीत भरून नेले. एकीनं एक बाही लावलेला ब्लाउज तसाच ओढून घेतला. एकच टेप सगळ्यांच्या छातीवरून फिरते, त्या टेपनंच ते एकीचं दुसरीला लागतं, असं कुणीतरी म्हणालं आणि दोन दिवसांत ते गावभर झालं. तिला टेपवाली म्हणायला लागले. टेंभुर्णीच्या टेलरकडं जुने ब्लाउज मापाला जायला लागले. माझं बाकडंही रिकामं झालं. ज्यांची तपासणी झाली होती त्या बाया येऊन म्हणायच्या, "सिस्टर, आमचा कागद फाडून टाका. आमचं नाव नको कुठं."

जाणाऱ्या कापडांत एक रूपालीचं होतं. चौतीस वर्षांची, दोन लेकरं, सासूच्या धाकात राहणारी. तिचं कापड परत गेलं त्या संध्याकाळी ज्योत्स्ना रस्ता ओलांडून माझ्याकडं आली. त्या भांडणानंतर पहिल्यांदा.

"रूपालीचं उजवं बघा. माप घेताना बोंड आत गेल्यालं दिसलं, आन् जुन्या ब्लाउजच्या अस्तरावर डाग व्हता. सासू संगं व्हती, एकटी आली की तिला सांगणार व्हते, तवर सासू आली कापड न्यायला. ती आता येणार न्हाई. तुम्ही जा."

मी गेले. सासू दारातच उभी राहिली. "आमच्या घरात तसलं काई न्हाई. एका घराचं केलं तेवढं बस झालं. पुन्हा आलात तर ग्रामपंचायतीत तक्रार करीन." तिच्यामागं रूपाली धुणं घेऊन उभी होती. माझ्याकडं बघत होती. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण सासूनं मागं वळून बघितलं आणि ती आत गेली. मी उपकेंद्रात येऊन तिच्या फॉर्मवर 'नकार' असं लिहिलं. एकदा नकार लिहिला की त्या नावाबद्दल कुणी विचारत नाही. मी पुन्हा गेले नाही.

केशरबाईचं ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. मग औषधाच्या सलाईन लागल्या, केस गेले. घरी तिला मागची खोली दिली. ताट वेगळं, तांब्या वेगळा, चटई वेगळी. कारभारी दुकानातच झोपायला लागला. हा रोग असा पसरत नाही, हे मी दोनदा सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तांब्या वेगळाच ठेवला. वैशाखाची तारीख गेली. ज्येष्ठात पायलला चार दिवसांत उजवलं, एकोणचाळीस वर्षांच्या बिजवराशी, पहिल्या बायकोचा एक मुलगा असलेल्या. वाजंत्री नाही, पाव्हणे नाहीत. केशरबाईला सांगितलं, डोक्यावर केस न्हाईत, मंडपात येऊ नको, लोक पोरीकडं बघायचं सोडून तुझ्याकडं बघतील. मंगलाष्टकं तिनं मागच्या खोलीतून ऐकली. अक्षता टाकायला कुणी तांदूळसुद्धा आणून दिले नाहीत.

पोळ्याच्या आधी एका दुपारी केशरबाई ज्योत्स्नाकडं आली. यावंच लागलं. टेंभुर्णीच्या टेलरनं जुन्या मापावरून शिवलेला ब्लाउज डावीकडं रिकामा लोंबत होता, आणि बाई एका बाजूला झुकून चालायला लागली होती. ज्योत्स्नानं काही न विचारता पडदा ओढला. मग रस्ता ओलांडून मला विचारायला आली. "एका बाजूला वजन न्हाई म्हणून खांदा वाकडा व्हतोय. किती वजन भरायचं?" मला माहीत नव्हतं. दवाखान्यात फोन करून विचारलं, तिला सांगितलं. तिनं मऊ सुती कापडाची पिशवी शिवली, आत कापूस आणि वजनाला मोहरी भरली, दोनदा काटा केला, ब्लाउजला आतून खिसा लावला. व्रणाला शिवण घासू नये म्हणून ती बाजू सगळी हातानं टाचली. चार दिवस तेच करत होती. दुसरं काम नव्हतंच.

घालून बघायच्या दिवशी तिनं मलाही बोलावलं. ब्लाउज बराबर बसला. केशरबाईनं आरशात दोन्हीकडून बघितलं. खांदे एका रेषेत आले होते. ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी थोडं हसू आलं.

"डॉक्टर म्हणले," केशरबाई आरशातच बघत म्हणाली, "वैशाखापर्यंत थांबले असते तर काखेत गेलं असतं."

"मंग बरं झालं ना, वहिनी."

"बरं?" ती वळली. "तुला वाटलं मी तुझे पाय धरीन. वैशाख होऊ दिला असतास तर माझी पोर नांदती असती. मी दोन वर्षांनी मेले असते, चार वर्षांनी मेले असते, आया मरतच असतात. आता मी बसलेय जिवंत, मागच्या खोलीत, आन् ती कोणाचं तरी पोरगं धुऊन राह्यली. फोनबी करत न्हाई मला. तू मला जगवलं न्हाईस टेपवाले, तू तिला मारलंस. आन् सांगितलंस ते सांगितलंस, वरून न्हाई म्हणतीस."

ज्योत्स्ना खाली बघत टेप गुंडाळत होती. गुंडाळून झाली की सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

सांगायची हीच वेळ होती. खोलीत आम्ही तिघीच होतो. कुणी माणसं जमलेली नव्हती, कंत्राट वाढून आलेलं होतं, आणि ज्योत्स्नानं तेवढ्यासाठीच मला बोलावलं होतं, हेही मला कळत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "केशरताई, गोळ्या वेळेवर घेत जा."

ज्योत्स्नानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादं कापड हातात घेऊन हे टिकणार नाही असं ठरवावं, तसं.

दिवाळीनंतर रामकिसन तिला जालन्याला घेऊन गेला. मशीन विकलं, खोलीला कुलूप लावलं. एका बियाणांच्या कंपनीच्या शेडमध्ये पिशव्यांची तोंडं शिवायचं काम तिला मिळालं. जाताना ती मला सांगायला आली नाही. माझ्या डोळ्यांसमोरच छोट्या टेम्पोत बसली आणि गेली.

पुढच्या उन्हाळ्यात रूपालीला तिच्या भावानं माझ्याकडं आणलं. मोटारसायकलवर, स्वतःच्या आणि मागं धरून बसलेल्या एकाच्या मध्ये बसवून. साडीला आतून ओल आली होती आणि खोलीत वास भरला. मी पदर बाजूला केला आणि पुन्हा झाकला. उघडं बघून मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. औरंगाबादला पाठवलं, तिथून दहा दिवसांत परत पाठवली. दोन महिने ती ओट्यावर पडून होती. मी दर दोन दिवसांनी पट्टी बदलायला जायचे. तेव्हा कुणी मला दारात अडवलं नाही. एकदा पट्टी बदलताना ती म्हणाली, "तुम्ही आल्ता ना त्या दिवशी, मी बोलणार व्हते."

मी विचारलं, "मग?"

"धुणं व्हतं हातात," ती म्हणाली.

तिच्या दहाव्याला भेटायला गेले तर सासू सगळ्या बायांसमोर मला म्हणाली, "तुम्हाला म्हाईत व्हतं म्हणतेत. मंग दुसऱ्यांदा आला का न्हाईत? सरकार पगार कशाचा देतं तुम्हाला?" तिनंच मला हाकललं होतं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. पण तिचा प्रश्न चुकीचा नव्हता.

त्यानंतर महिन्याभरानं मी ज्योत्स्नाला शोधत जालन्याच्या एमआयडीसीत गेले. मला तिला सांगायचं होतं. का सांगायचं होतं ते नीट माहीत नव्हतं. जेवणाची सुट्टी होती. शेडच्या भिंतीला लागून सावलीत बाया ओळीनं डबे सोडून बसल्या होत्या. ज्योत्स्ना मधे होती. वाळली होती, पण शेजारणीच्या डब्यातली मिरची घेत हसत होती. मला बघून उठली आणि गेटजवळ आली.

"रूपाली गेली," मी म्हणाले.

ती म्हणाली, "उजवीकडंच का?"

"हो."

"किती वेळा गेल्ता तुम्ही तिच्या घरी?"

"एकदा."

"एकदाच." तिनं भाकरीचा हात पदराला पुसला. "म्या केशरवहिनीचं कापड मांडीवर धरून बसल्ते दोन तास. शिव्या देऊन राह्यल्ती मला." मग तिनं विचारलं, "ती कशी हाय?"

"चांगली आहे. परवा रिपोर्ट साफ आले. केस आलेत."

"ब्लाउज?"

"तोच घालते."

"मोहरी वर्षात बदलावी लागती, किडे पडतेत. सांगा तिला. माझं नाव नका घेऊ, घालायची न्हाई ती मंग." मग तिनं मागं वळून बायांकडं बघितलं आणि आवाज खाली केला. "सिस्टर, इथं येत जाऊ नका. मी कोण ते ह्यांना म्हाईत न्हाई. शेजारी बसून जेवतेत माझ्या."

भोंगा झाला. ती गेली, डबा उचलला आणि सगळ्यांबरोबर आत शिरली. मागं राहिलेली एक बाई चूळ भरत होती. तिनं मला विचारलं, "नातेवाईक का तुमच्या?"

"नाही," मी म्हणाले. "पत्ता विचारत होते."